पोस्टकार्डावरचा डाव

दुपारची वेळ आहे. कुणी धान्य निवडायला बसल्या असाल, कुणी शिलाई मशीनवर असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला बुद्धिबळाच्या एका डावाची गोष्ट सांगणार आहोत. बुद्धिबळ येत नसेल तरी काही अडणार नाही. आम्हालाही ते परवापरवापर्यंत येत नव्हतं.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जिया देशातल्या बातुमी गावी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय अवघं १९. अंतिम सामन्यात समोर होती आपलीच कोनेरू हंपी. ती बातमी ऐकली आणि आमच्या गटातल्या एकीची शाळकरी मुलगी शाळेतला पट घेऊन थेट मासिक बैठकीला आली. हप्ते जमा झाले, वही बंद झाली आणि तिनं पट मांडला. त्या दिवसापासून आमच्या बैठका अर्धा तास लांबल्या. घरी काय काय सांगावं लागलं ते आज सांगत नाही.

पुढे घाटाखालच्या एका बचत गटाशी आमचं ठरलं, की आपण पोस्टकार्डावर डाव खेळायचा. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. एका कार्डावर एक चाल लिहायची. आमचं कार्ड त्यांना पोचायला तीन दिवस, त्यांचं आम्हाला यायला तीन दिवस. मधे त्यांची चर्चा, आमची चर्चा. पोस्टमन भाऊ सुरुवातीला हसायचे, नंतर तेच विचारायला लागले, "काय, आज कुणाचा नंबर?"

तो पहिला डाव आम्ही हरलो, आणि का हरलो ते सांगायला हवं. कार्ड सकाळी आलं की आम्ही त्याच दुपारी उत्तर टाकत होतो. तिसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला आणि त्यांच्या मागे धावायला लागलो. एक प्यादं मारलं, शह दिला, खूप आनंद झाला. मग त्यांनी एकेक घोडा, एकेक उंट शांतपणे बाहेर काढला आणि आमचा वजीर कोंडून धरला. सतराव्या चालीला आम्ही हार लिहून पाठवली. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "हल्ला करायचा नाही हेच खरं. आपलं घर धरून बसावं."

तेव्हा त्या मुलीनं आम्हाला हा डाव दाखवला. रोज संध्याकाळी पाच-सहा चाली, असे आठ दिवस आम्ही तो पटावर मांडला. काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर होतं आणि अर्धं चूक, ते कसं, हे आम्हाला त्यातून कळलं.

आधी थोडं टपाली बुद्धिबळाबद्दल. हा प्रकार फार जुना. १८२४ साली लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या बुद्धिबळ मंडळांनी असा सामना सुरू केला, तो १८२८ पर्यंत चालला आणि एडिंबरानं जिंकला. विसाव्या शतकात तर टपालातून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा व्हायला लागल्या. वेगवेगळ्या देशांची माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, मग चाल लिहायची कशी? त्यासाठी आकड्यांची रीत ठरली. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना डावीकडून एक ते आठ आकडे द्यायचे. आठ आडव्या ओळींना खालून वर एक ते आठ. म्हणजे प्रत्येक घराला दोन आकडे झाले. सोंगटी निघाली ते घर आधी आणि पोचली ते घर नंतर लिहायचं, म्हणजे चार आकड्यांत चाल संपली. पाचव्या पट्टीतलं दुसऱ्या ओळीवरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, तर लिहायचं ५२५४. आमच्यातल्या ज्या दोघी फक्त आकडे ओळखतात, त्यांनी ही रीत सगळ्यांत आधी उचलली. आमची कार्डं आता त्याच लिहितात.

या खेळाचा एक कडक नियम आहे. कार्ड पेटीत पडलं की चाल झाली. मागे घेता येत नाही. पण पेटीत टाकण्याआधी मात्र विचार करायला दिवस मिळतात. दहा चालींना मिळून तीस दिवस, अशी साधारण मुदत असायची. पत्र वाटेत असतं ते दिवस त्यात धरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. टपाली बुद्धिबळाची पाचवी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६५ ला सुरू झाली आणि १९६८ पर्यंत चालली. तिच्यात अमेरिकेचा हान्स बर्लिनर आणि रशियाचा याकोव्ह एस्त्रिन यांची गाठ पडली. बर्लिनर जन्मला १९२९ साली जर्मनीत, बर्लिनमध्ये. हिटलरच्या राजवटीचा छळ चुकवण्यासाठी त्याच्या घरच्यांनी १९३७ साली देश सोडला आणि ते अमेरिकेला गेले. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे तो संगणक शास्त्रज्ञ झाला. एस्त्रिन मॉस्कोचा. बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चालींचा मोठा जाणकार. त्या डावात जी सुरुवात झाली तिला 'दोन घोड्यांचा बचाव' म्हणतात, आणि तिच्यावर एस्त्रिननं पुस्तक लिहिलेलं आहे. म्हणजे बर्लिनर त्याच्याच अंगणात जाऊन खेळला. एस्त्रिनकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या, बर्लिनरकडे काळ्या.

पट जवळ असेल तर मांडा. नसेल तर नुसतं ऐका.

चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा पुढे घुसला आणि काळ्या राजाशेजारच्या कच्च्या घरावर डोळा लावून बसला. काळ्यानं मधलं प्यादं समोर टाकून वाट अडवली. पांढऱ्यानं ते प्यादं मारलं. कुणीही म्हणेल, आता मारलेलं प्यादं परत घ्या. बर्लिनरनं घेतलं नाही. त्यानं दुसऱ्याच टोकाचं एक प्यादं दोन घरं पुढे टाकून पांढऱ्या उंटाला धमकावलं. उंट आपल्या जागी परतला. मग काळ्याचा घोडा पटाच्या मधोमध आला, वजीर कडेला आला आणि नवव्या चालीला उंटही बाहेर पडून पांढऱ्याच्या दाराशी उभा राहिला.

आता पांढऱ्याचं एक प्यादं काळ्या घोड्यावर रोखलेलं होतं आणि दुसरं काळ्या उंटावर. दोन्ही मरणाच्या तोंडी. आम्ही पटाभोवती नऊ जणी होतो. सगळ्याच म्हणालो, निदान एकाला तरी हलवा! बर्लिनरनं काय लिहिलं? ५५५४. म्हणजे मधलं एक प्यादं एक घर पुढे. बास.

पांढऱ्यानं घोडा मारला. तरी काळ्यानं उंट हलवला नाही, उलट दुसरा उंट आणून पहिल्याच्या मदतीला लावला. आम्ही त्या मुलीला विचारलं, "अगं, मग पांढरा तो उंट का मारत नाही?" ती म्हणाली, "तुम्हीच मारून बघा." आम्ही मारून बघितला. तिनं काळ्याच्या दुसऱ्या उंटानं घोडा मारून शह दिला. आम्ही प्याद्यानं उंट मारला, तर कडेची पट्टी उघडी पडली आणि तिच्या वजिरानं सरळ खाली येऊन आमचा कोपऱ्यातला हत्ती उचलला. मरणाच्या तोंडी दिसणारा उंट मारता येतच नव्हता. बर्लिनरनं हे सगळं आधी बघून ठेवलेलं होतं.

पण फुकट काहीच नव्हतं. पांढऱ्यानं शह दिला आणि काळ्या राजाला जागेवरून उठावं लागलं. राजाला कोपऱ्यात हत्तीच्या आड नेण्याची सवलत डावात एकदाच मिळते. ती कायमची गेली. राजा मधे उघडा, एक घोडा गेलेला. चौदाव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती आयता मारता येण्यासारखा समोर आला. आम्ही टाळी वाजवली. बर्लिनरनं तो लगेच मारला नाही. त्यानं लिहिलं १८२८. कोपऱ्यात झोपलेला आपला हत्ती एक घर बाजूला घेतला. तिथून पांढऱ्याच्या उंटावर नजर बसली, त्याला मागे जावं लागलं, आणि मग पुढच्या चालीला काळ्यानं तो हत्ती मारला. मारायचा होता तो मारलाच, पण आधी आपला हत्ती कामाला लावून.

काकू तिथं पहिल्यांदा म्हणाल्या, "हा रागानं खेळत नाही."

मग तोच हत्ती दोन घरं पुढे आला. तिथून आडवा धावून पांढऱ्या राजाच्या पट्टीत शिरायचा त्याचा बेत. पांढऱ्यानं एक प्यादं सरकवून आपल्या उंटाची वाट मोकळी केली, म्हणजे हत्ती ज्या घरात यायचा त्या घरावर उंटाचा पहारा बसला. तेव्हा काळ्याचा घोडा उडी मारून बरोबर त्या उंटाच्या वाटेत बसला. वर पांढऱ्या वजिरावर रोखलेला. पांढऱ्यानं उंटानं घोडा मारला, काळ्या वजिरानं उंट मारला. घोडा गेला आणि पहारेकरीही गेला.

पांढऱ्यानं उरलेला उंट राजाच्या समोर आडवा उभा केला. त्याला हाकलायला काळ्याची दोन साधी प्यादी निघाली, एकामागे एक. तेवढ्यात पांढऱ्याचा घोडा अशा घरात आला की एकाच वेळी वजीरही त्याच्या माऱ्यात आणि हत्तीही. बर्लिनरनं वजीर उचलून राजाच्या पुढचं प्यादं मारलं आणि हत्ती मरू दिला. पांढऱ्या घोड्यानं हत्ती मारला. तो घोडा आता काळ्याच्या एका प्याद्याच्या अगदी तोंडाशी होता, मारायला एक चाल पुरे. बर्लिनरनं तीन चाली तो तसाच ठेवला. आधी प्याद्यानं उंट मारला, राजाला शह दिला, दोन्ही वजीर एकमेकांवर गेले, आणि मग अठ्ठाविसाव्या चालीला त्या प्याद्यानं घोडा मारला.

मैत्रिणींनो, या प्याद्याकडे लक्ष द्या. सत्तावीस चाली ते आपल्या मूळ घरातून हललं नव्हतं. एवढी धुमश्चक्री झाली, वजीर गेले, उंट-घोडे गेले, ते जागच्या जागी होतं. आता वादळ शमलं होतं. दोघांकडे एकेक हत्ती उरला, पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार. एवढ्या मोठ्या हल्ल्याची कमाई किती? एक प्यादं! आम्ही थोड्या हिरमुसलोच.

पण तिथून पुढच्या चौदा चाली आम्हाला सगळ्यांत जास्त आवडल्या. ज्या राजाला कोपरा मिळाला नाही, तो काळा राजा स्वतः चालायला लागला. एकेक घर करत तो पटाच्या मधे आला, पांढऱ्याचं एक प्यादं खाल्लं आणि पलीकडे उतरला. आणि ते सत्तावीस चाली थांबलेलं प्यादं निघालं. बेचाळिसावी चाल आकड्यांत लिहिली तर २४२३. प्यादं आणखी एक घर खाली आलं. आणखी दोन घरं चाललं की त्याचा वजीर होणार, आणि त्याला अडवायला पांढऱ्याकडे काही उरलं नव्हतं. एस्त्रिननं हार मान्य केली.

ती स्पर्धा बर्लिनरनं जिंकली. सोळा डावांत बारा विजय, चार बरोबरी, हार एकही नाही. एस्त्रिनही पुढे टपाली बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, म्हणजे हरणारा काही कच्चा नव्हता. अँड्र्यू सोल्टिस या अमेरिकन ग्रँडमास्टरनं विसाव्या शतकातल्या शंभर उत्तम डावांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला नंबर याच डावाला दिला. समोरासमोर बसून खेळलेले मोठमोठे डाव मागे राहिले आणि टपालातला डाव पुढे गेला.

आता काकूंच्या म्हणण्याकडे येऊ. हल्ला करू नये, हे चूक. बर्लिनर पाचव्या चालीपासून हल्लाच करत होता. पण आमचा वजीर धावला तो मोहापायी, समोर दिसलेल्या प्याद्यासाठी. त्याचं तसं नव्हतं. काय द्यायचं आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे त्यानं कार्ड लिहिण्याआधी मोजलेलं होतं. वेळ मिळाला म्हणून तो धाडस करू शकला. आम्हाला वाटायचं विचार करत बसणारा माणूस भित्रा असतो. या डावात उलटं दिसलं.

हे आम्ही रेडिओवर का सांगतोय, त्याला कारण घडलं. आमच्या गटातल्या एका ताईंना फाल्गुनात माहेराहून फोन आला. वडील जाऊन वर्ष झालेलं. भाऊ म्हणाला, "उद्या तालुक्याला ये, एक सही करायची आहे. गाडी पाठवतो." सही होती हक्कसोडपत्रावर. आपल्यापैकी कितीजणींनी अशी सही चहा गार व्हायच्या आत केली आहे, ते आपल्याला माहीत आहे. आणि तीही पेटीत पडलेल्या कार्डासारखीच. नोंदणी झाली की सहज मागे येत नाही.

ताई भावाशी भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, कागद आधी मला वाचायला पाठव. मी तीन आठवड्यांत कळवते." दादांना राग आला. वहिनींनी फोन घेऊन विचारलं, "वन्सं, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" ताई म्हणाल्या, "विश्वास आहे, म्हणूनच वाचून सही करीन."

त्या तीन आठवड्यांत ताईंनी सातबारा आणि फेरफार काढला. तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारलं. तिथं बाईला सल्ला मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती २००५ साली झाली, हे ताईंना तिथं नीट कळलं. सही करायची की नाही, कशाच्या बदल्यात करायची, हा त्यांचा निर्णय. आम्ही त्यात पडलो नाही. कागद अजून बिनसहीचा आहे आणि बोलणं चालू आहे. चैत्रात माहेरच्या जत्रेला ताई नेहमीसारख्या गेल्या. वहिनींनी नेहमीसारखी साडी नेसवली. दादा थोडे गप्प होते म्हणे.

भाऊ म्हणजे काही पटापलीकडचा खेळाडू नव्हे आणि जमीन म्हणजे खेळ नव्हे. ते आम्हाला कळतं. पण "वाचते, विचार करते आणि कळवते" एवढं म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो आपण फार कमी वापरतो. "बाई, लवकर सांग," असं कुणी म्हटलं की आपल्या तोंडून हो निघून जातं.

शेवटी एका बाईंचं नाव सांगून थांबतो. ओल्गा रुब्त्सोवा, मॉस्कोच्या. १९५६ साली त्या समोरासमोरच्या बुद्धिबळात महिलांच्या जगज्जेत्या झाल्या. मग महिलांसाठी टपाली बुद्धिबळाची पहिली जागतिक स्पर्धा १९६८ ते १९७२ अशी चालली, तीही त्यांनी जिंकली. त्यांची लेक येलेनाही पुढे मोठी बुद्धिबळपटू झाली. पोस्टकार्डावर बायका खेळतात याचं कुणाला हसू आलं, तर हे नाव सांगा.

घाटाखालच्या गटाशी आमचा दुसरा डाव आता चालू आहे. अकरावी चाल झाली. आमचं एक प्यादं कमी आहे, पण या वेळी ते आम्ही जाणून दिलं आहे. कार्ड आलं की ते पटाजवळ ठेवतो, त्या दिवशी उत्तर लिहीत नाही. प्रत्येकीनं कामं करता करता दोन दिवस विचार करायचा आणि तिसऱ्या दिवशी बैठकीत बोलायचं, असा नियम केला आहे. काकूंना परवा भाकरी थापताना चाल सुचली. चांगली होती, तीच पाठवली.

तुमच्या गटाला खेळायचं असेल तर आमच्या केंद्राच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. पहिली चाल तुमची.